रोमची ढाल : फेबियस मॅक्सिमस



इ. स. पूर्व २१७ चा जून महिना संपत आला होता. रोमच्या सभाचौकात स्त्री-पुरुषांची अलोट गर्दी जमली होती. उत्तरेकडून उलटसुलट वार्ता येत होत्या आणि खरे काय ते कोणालाच कळत नव्हते. सूर्यास्ताच्या सुमारास मार्कस पॉम्पोनियस हा प्रेटर, म्हणजे नगराचा न्यायाधिकारी, व्यासपीठावर चढला. एका मोठ्या लढाईत आपला पराभव झाला आहे, एवढेच त्याने कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले आणि तो खाली उतरला.

ट्रासिमेन सरोवराच्या काठी, पहाटेच्या धुक्यात, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने अख्खे रोमन सैन्य कोंडीत पकडले होते. सुमारे १५,००० रोमन कापले गेले. कॉन्सल गायस फ्लॅमिनियस रणांगणावर पडला. त्याआधी सहा महिने ट्रेबिया नदीवरही असाच दारुण पराभव झालेला होता. हॅनिबलसारखा शत्रू दाराशी, एक कॉन्सल मृत आणि दुसरा उत्तरेकडे अडकलेला, अशा अवस्थेत रोमने ज्या माणसाच्या हाती सर्वाधिकार सोपविले, त्याचे नाव क्विंटस फेबियस मॅक्सिमस. त्याचे चरित्र हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्याकडे ‘फेबियन’ हा शब्द कानी पडतो तो बहुधा समाजवादाच्या संदर्भात. १८८४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या फेबियन सोसायटीने याच सेनापतीचे नाव घेतले, कारण तिलाही आपले उद्दिष्ट एका झटक्यात नव्हे तर कूर्मगतीने गाठायचे होते. त्या मंडळींच्या विचारांशी मूळ फेबियसचा काडीचाही संबंध नाही. तो जुन्या परंपरेचा, देवकार्यात निष्ठा असलेला आणि पूर्वजांच्या रीतीला जपणारा कुलीन रोमन होता. त्याच्या नावाचे काय झाले हा भाग वेगळा. त्याने काय केले आणि काय सोसले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

वारसा

फेबियस घराणे रोमच्या प्राचीनतम घराण्यांपैकी एक. इ. स. पूर्व ४७७ मध्ये या एकाच कुळातील ३०६ पुरुष क्रेमेरा नदीकाठी शत्रूशी लढताना धारातीर्थी पडले आणि घरात केवळ एक किशोर उरला, अशी कथा रोममध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात असे. याच वंशातील फेबियस रुलियानस हा पाच वेळा कॉन्सल झाला. परंतु तरुणपणी, इ. स. पूर्व ३२५ मध्ये, त्याने अश्वदलाचा अधिपती असताना वरिष्ठाची आज्ञा मोडून लढाई दिली होती. लढाई जिंकली, तरी आज्ञाभंगाबद्दल त्याला देहदंड होणार होता. जनतेने पदर पसरला म्हणून तो वाचला. पराक्रम आणि अनुशासन यांच्यातील ही ओढाताण त्या घराण्याच्या स्मृतीत कोरलेली होती. ती पुढे या चरित्रात पुन्हा एकदा उभी राहणार होती, हे ध्यानात ठेवावे.

आपला फेबियस लहानपणी मंद वाटे. तो हळू बोले, विचार करून शिके, खेळात मागे राही. सोबती त्याला ‘ओव्हिकुला’, म्हणजे कोकरू, म्हणत. वरच्या ओठावरील चामखिळीमुळे ‘व्हेरुकोसस’ हे आणखी एक टोपणनाव पडले. रोमन माणूस सार्वजनिक जीवनात पायरीपायरीने चढत असे; त्याप्रमाणे फेबियसनेही सैन्यातील ट्रिब्यून, कोषाधिकारी, नगरव्यवस्था पाहणारा ईडाइल ही पदे भूषविली. इ. स. पूर्व २३३ मध्ये तो प्रथम कॉन्सल झाला, उत्तरेकडील लिगुरियन टोळ्यांचा पराभव करून त्याने विजययात्रेचा मान मिळविला आणि ‘होनोस’ या मानदेवतेचे मंदिर उभारले. इ. स. पूर्व २३० मध्ये नागरिकांची नोंद आणि त्यांच्या आचरणाची तपासणी करणारा सेन्सर आणि २२८ मध्ये पुन्हा कॉन्सल. शकुन पाहणाऱ्या पुरोहितमंडळाचा तर तो साठ वर्षांहून अधिक काळ सदस्य होता. कोकराने एवढी मजल मारली ती झेप घेऊन नव्हे, पावलापावलाने.

अधिकार आणि मर्यादा

रोमच्या राज्यव्यवस्थेत दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात आणि दोघांना समान अधिकार असे. एकाने दुसऱ्याला आवर घालावा हा त्यामागील हेतू. मात्र प्राणसंकटात हा समतोल बाजूला ठेवून एका व्यक्तीची ‘डिक्टेटर’ म्हणून नेमणूक होई. आज या शब्दाला काळी छटा आली आहे. तेव्हा ते कायद्याने ठरलेले आणि कमाल सहा महिन्यांचे पद होते. कार्य संपले की पद संपले.

एरवी डिक्टेटरची नेमणूक कॉन्सल करीत असे. या वेळी कॉन्सल हाती लागणे शक्य नव्हते, म्हणून लोकांनीच फेबियसला निवडले. त्याचा दुय्यम, अश्वदलाचा अधिपती, तो स्वतः नेमायचा. तोही लोकांनीच निवडला. त्याचे नाव मार्कस मिनुशियस रूफस. पुढील गुंत्याची पहिली गाठ इथे पडली.

अधिकार हाती येताच फेबियसने तीन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे त्याने पराभवाचे खापर सैनिकांच्या भ्याडपणावर फोडू दिले नाही. फ्लॅमिनियसने देवकार्याची उपेक्षा केली, हे त्याने अरिष्टाचे कारण सांगितले. सिबिलाइन ग्रंथ पाहिले गेले, सार्वजनिक नवस बोलले गेले, व्हीनस देवीच्या मंदिराचा संकल्प सोडला गेला. आधुनिक मनाला हे निव्वळ कर्मकांड वाटेल; परंतु धास्तावलेल्या समाजाला पुन्हा एकत्र आणून, आपल्या हातून काही घडू शकते असा विश्वास देणारी ती कृती होती. दुसरी गोष्ट : जुन्या कायद्यानुसार डिक्टेटरला घोड्यावर बसण्यास मनाई होती. सर्वाधिकार हाती असूनही फेबियसने त्यासाठी सिनेटची रीतसर अनुमती मागितली. तिसरी : उरलेला कॉन्सल सर्व्हिलियस भेटीला आला, तेव्हा त्याने आपले दंडधारी सेवक दूर ठेवून, साध्या नागरिकासारखे यावे असा निरोप फेबियसने पाठविला. स्वतः कायद्यापुढे वाकायचे आणि पदाची प्रतिष्ठा मात्र तसूभरही ढळू द्यायची नाही, या दोन्ही गोष्टी त्याने एकाच वेळी साधल्या.

हिशेब युद्धाचा

आता रणनीतीकडे वळू या. आल्प्स पर्वत ओलांडून हॅनिबल इटलीत उतरला, तेव्हा त्याच्याजवळ २०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ उरले होते. हा आकडा खुद्द हॅनिबलने कोरवून ठेवलेल्या लेखातून इतिहासकार पॉलिबियसने दिला आहे. पुढे उत्तरेकडील गॉल टोळ्या त्याला मिळाल्या. याउलट, इ. स. पूर्व २२५ च्या सुमारास रोम आणि त्याच्या मित्रराज्यांकडे शस्त्र धरू शकणारे सात लाखांहून अधिक पुरुष होते, असे पॉलिबियस नोंदवितो. म्हणजे संख्या रोमची, पण रणांगणावरील बुद्धी हॅनिबलची. त्याच्या घोडदळाला सपाट मैदान मिळाले की रोमन सैन्याची धडगत नसे.

फेबियसने हा हिशेब नीट मांडला. हॅनिबलला रसद मायदेशातून मिळत नाही, ती त्याला रोज लुटूनच आणावी लागते. त्याचा पडलेला अनुभवी सैनिक भरून निघत नाही, रोमचा भरून निघतो. म्हणून त्याला मोठी लढाई द्यायचीच नाही. फेबियस आपले सैन्य डोंगरउतारांवरून नेई, शत्रूपासून ठरावीक अंतर राखी. हॅनिबल थांबला की तो थांबे, तो निघाला की हा मागे निघे. दाणागोटा आणायला बाहेर पडलेल्या टोळ्या तेवढ्या तो टिपून काढी. छोट्या चकमकींतून मिळणाऱ्या यशाने नव्या, भेदरलेल्या सैनिकांची भीती चेपत जाई.

मराठी मनाला इथे गनिमी काव्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. अफजलखानाला मैदानातून जावळीच्या रानात आणणाऱ्या शिवछत्रपतींनीही भूमीची निवड शत्रूच्या हाती जाऊ दिली नाही. दोन्ही प्रसंगांत एक मोठा भेदही आहे. शिवछत्रपती अल्प सैन्यानिशी बलाढ्य सत्तेशी झुंजत होते आणि संधी येताच विजेसारखे कोसळत होते. फेबियसजवळ संख्याबळ असूनही त्याने हात आवरून धरला. बळ असताना हात आवरणे लोकांना समजावून सांगणे फार कठीण असते.

या नीतीची किंमत जबर होती. हॅनिबलच्या वाटेवरील तटबंदी नसलेल्या गावांतील लोकांनी सुरक्षित जागी निघून जावे, जाण्यापूर्वी घरे जाळावीत, धान्य नष्ट करावे, अशी फेबियसची आज्ञा होती. रोमनिष्ठ मित्रराज्यांची शेते डोळ्यांदेखत धुराने भरत होती आणि रोमचे सैन्य डोंगरावरून पाहत होते. सैनिक चिडले. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या मागे पाटी-दप्तर घेऊन जाणारा नोकर असतो, तसा हा हॅनिबलचा मागेमागे फिरणारा गडी आहे, अशी त्याची टवाळी झाली. ‘कंक्टेटर’, म्हणजे चालढकल करणारा, हे विशेषण तेव्हा शिवीसारखे वापरले जात होते.

निंदेचे दिवस

त्यातच नशिबाने एक फटका दिला. कॅम्पेनियाच्या सुपीक खोऱ्यात हॅनिबल शिरला आणि बाहेर पडण्याच्या वाटा फेबियसने रोखल्या. मुख्य खिंडीत ४,००० सैनिक होते. प्रथमच हॅनिबल खरोखर अडकला. एका रात्री त्याने सुमारे २,००० बैलांच्या शिंगांना वाळक्या फांद्यांच्या मोळ्या बांधून पेटविल्या आणि ते कळप डोंगराकडे हाकलले. शत्रू मशाली घेऊन डोंगरावरून निसटत आहे असे समजून खिंडीतील पहारेकरी तिकडे धावले आणि हॅनिबल मोकळ्या खिंडीतून लुटीसह निघून गेला. रात्रीच्या अंधारात घातपात होईल म्हणून फेबियस छावणी सोडून बाहेर पडला नाही. निर्णय सावधपणाचा असेलही. पण सावज हातचे गेले हे खरे.

हॅनिबलने मग आणखी एक डाव टाकला. आजूबाजूचे सारे जाळताना त्याने फेबियसच्या मालकीच्या शेतांना हात लावू नये, असा हुकूम केला. रोममध्ये संशयाची कुजबुज सुरू झाली. त्याच सुमारास युद्धकैद्यांच्या अदलाबदलीचा करार झाला होता. रोमच्या बाजूचे २४७ कैदी अधिक भरले. प्रत्येकी अडीच पौंड चांदी देऊन त्यांना सोडवायचे होते. आपल्याला विचारले नाही या कारणाने सिनेटने पैसे देण्यास चालढकल केली. फेबियसने कोणाशी वाद घातला नाही. त्याने मुलाला रोमला पाठविले, शत्रूने मुद्दाम राखलेली तीच जमीन विकायला लावली आणि आपल्या पैशाने सैनिक सोडविले. पुढे सुटलेल्यांपैकी काहींनी रक्कम परत करू पाहिली, तेव्हा त्याने ती घेतली नाही, असे प्लूटार्क सांगतो. आरोपाला त्याने दिलेले उत्तर एवढेच.

मिनुशियसची परीक्षा

धार्मिक विधींसाठी फेबियसला रोमला जावे लागले. जाताना त्याने मिनुशियसला बजावले होते की लढाई देऊ नये. मिनुशियसने ती दिली आणि गेरुनियमजवळ एका चकमकीत त्याला बऱ्यापैकी यश आले. रोममध्ये ही वार्ता दसपटीने फुगून पोहोचली. ट्रिब्यून मेटिलियसने प्रस्ताव आणला की मिनुशियसला डिक्टेटरच्या बरोबरीचे अधिकार द्यावेत. गायस टेरेन्टियस वॅरो याने तो उचलून धरला आणि तो संमत झाला. मिनुशियसने हर्क्युलिस देवतेला अर्पण केलेला एक शिलालेख उपलब्ध आहे. त्यात तो स्वतःला डिक्टेटर म्हणवून घेतो. एका राज्याला दोन सर्वाधिकारी असा विपरीत प्रसंग उभा राहिला.

फेबियस काय करू शकत होता? पूर्वज रुलियानसच्या बाबतीत झाले तसे कठोर शासन मागू शकत होता. रागाने पद सोडून घरी बसू शकत होता. त्याने यांपैकी काही केले नाही. लोकांनी कायद्याने केलेला निर्णय त्याने मान्य केला. मिनुशियस म्हणाला, दोघांनी एकेक दिवस आळीपाळीने सर्व सैन्य चालवावे. फेबियसने ते नाकारून सैन्य निम्मे-निम्मे वाटून घेतले. सारे सैन्य एका दिवसापुरतेही पणाला लागू नये म्हणून निम्म्यावरचा आपला अंमल त्याने कायम ठेवला.

मग व्हायचे तेच झाले. हॅनिबलने दोन छावण्यांमधील खोलगट जागांत रात्रीतून माणसे लपविली आणि सकाळी एका टेकडीचे आमिष दाखविले. मिनुशियस सर्व सैन्यानिशी धावला आणि चारी बाजूंनी वेढला गेला. फेबियस आपल्या तटावरून हे पाहत होता. ज्याने आपली भर सभेत अवहेलना केली, तो आता कापला जाणार, हे त्याला स्पष्ट दिसत होते. तरी त्याने क्षणाचाही विलंब लावला नाही. चालढकल करणारा म्हणून हिणविलेला हा सेनापती त्या दिवशी वाऱ्याच्या वेगाने उतरला. पळणारे रोमन त्याच्या रांगांमागे सावरले आणि हॅनिबलने माघारीचे शिंग फुंकले. डोंगरमाथ्यावर रेंगाळणारा हा ढग एक दिवस पाऊस घेऊन कोसळणारच होता, असे तो त्या वेळी म्हणाल्याचे सांगतात.

लढाईनंतर फेबियसने उणादुणा शब्द काढला नाही. मिनुशियसने आपल्या पथकांना एकत्र केले, निशाणांसह फेबियसच्या तंबूपाशी आला, त्याला पित्याच्या नावाने हाक मारली आणि आपला अधिकार आपण होऊन परत केला. त्याच्या सैनिकांनी फेबियसच्या सैनिकांना आपले तारणहार म्हटले. चूक कबूल करायला रणांगणावर लढण्याइतकेच धैर्य लागते, आणि ते मिनुशियसपाशी होते. पुढच्या वर्षी कॅनीच्या रणांगणावर तो लढता लढता पडला.

कॅनीनंतर

सहा महिने संपताच फेबियसने पद खाली ठेवले. नव्या वर्षाचे कॉन्सल होते वॅरो आणि एमिलियस पॉलस. रोमला आता एका झटक्यात निकाल हवा होता. ८० हजारांच्या आसपास सैन्य उभे केले गेले. २ ऑगस्ट, इ. स. पूर्व २१६ रोजी कॅनी येथे हॅनिबलने ते चारी बाजूंनी वेढून कापून काढले. लिव्ही मृतांची संख्या सुमारे ४८,००० देतो, तर पॉलिबियस ७०,००० सांगतो. पॉलस पडला. सिनेटचे ८० सदस्य एका दिवसात गेले. मृतांत आपला कोणी नाही असे घर रोममध्ये शोधूनही सापडले नसते.

या दिवसांत फेबियसजवळ कोणताही विशेष अधिकार नव्हता. तो केवळ एक ज्येष्ठ सभासद होता. तरीही कोलमडलेल्या नगराचा तोच आधार झाला. वार्ता आणण्यासाठी स्वार पाठवावेत, वेशींवर पहारे बसवावेत, कोणी नगर सोडून जाऊ नये, आक्रोश रस्त्यावर आणू नये, अशा त्याच्या सूचना सिनेटने मान्य केल्या. सुतकाची मुदत ३० दिवसांपुरती ठरविण्यात आली. आदल्या वर्षी ज्याला लोक भित्रा म्हणत होते, तोच आता शांत चेहऱ्याने, नेहमीच्या चालीने रस्त्यावरून फिरत होता, भेटेल त्याशी बोलत होता. ते पाहून लोकांना धीर येई.

पराभूत वॅरो उरलेले सैन्य गोळा करून परतला. तो फेबियसचा जुना विरोधक. त्याच्या आग्रहानेच हा सर्वनाश ओढवला होता. कार्थेजमध्ये अशा सेनापतीला सुळावर चढविले असते. रोमचे सारे समाजघटक वेशीबाहेर त्याला सामोरे गेले आणि राष्ट्राविषयी आशा सोडली नाही याबद्दल त्यांनी त्याचे आभार मानले. सामोरे गेलेल्यांत फेबियसही होता. ‘माझे ऐकले असते तर’ हे वाक्य उच्चारण्याचा ज्याला सर्वाधिक अधिकार होता, त्याने ते उच्चारले नाही. संकटकाळात समाज एकसंध राहतो तो अशा न उच्चारलेल्या वाक्यांमुळे.

यानंतर रोमने फेबियसचीच नीती स्वीकारली. राज्याने ८,००० गुलाम विकत घेऊन त्यांना सैन्यात भरती केले. काही वर्षांतच वीसपेक्षा अधिक लीजन, म्हणजे सैन्यदले, उभी राहिली. हॅनिबलशी समोरासमोर भिडायचे नाही, मात्र तो जिथे नसेल तिथे फितुर नगरे एकामागून एक परत घ्यायची, असे ठरले. या काळात फेबियस २१५, २१४ आणि २०९ मध्ये कॉन्सल झाला. त्याच्या जोडीला मार्सेलससारखा आक्रमक सेनापती होता. फेबियस ही रोमची ढाल आणि मार्सेलस तलवार, असे पुढे एका ग्रीक विद्वानाने लिहिले.

पद श्रेष्ठ

दोन प्रसंग इथे सांगितले पाहिजेत. इ. स. पूर्व २१४ च्या कॉन्सलपदाची निवडणूक फेबियसच्या अध्यक्षतेखाली चालली होती. पहिल्या मतदारगटाने ऑटासिलियस याचे नाव दिले. तो फेबियसच्या भाचीचा नवरा. फेबियसने मतदान थांबविले आणि उघडपणे सांगितले की समोर हॅनिबल आहे. त्याच्याशी तुल्यबळ कोण, एवढेच पाहा. भाचेजावई आरडाओरडा करू लागला, तेव्हा आपल्या दंडधाऱ्यांच्या कुऱ्हाडी अजून उतरविलेल्या नाहीत, याची त्याने त्याला आठवण दिली. फेरमतदानात स्वतः फेबियस आणि मार्सेलस निवडून आले. नातलगाला बाजूला सारून स्वतःच निवडून येणे संशयास्पद दिसू शकते. परंतु त्यामागे सत्तेचा लोभ आहे असे लोकांना वाटले नाही, असे लिव्ही नमूद करतो. ती पत त्याने आयुष्यभराच्या वर्तनाने कमावली होती.

दुसरा प्रसंग पुढील वर्षीचा. त्याचा मुलगा कॉन्सल झाला आणि वृद्ध फेबियस त्याच्या हाताखाली काम करण्यासाठी छावणीत आला. तो घोड्यावर होता. कॉन्सलसमोर येणाऱ्याने घोड्यावरून उतरावे, असा दंडक. पुढे चालणाऱ्या अकरा दंडधाऱ्यांना या महापुरुषाला अडविण्याचे धाडस झाले नाही. तेव्हा मुलाने शेवटच्या दंडधाऱ्याला आज्ञा केली आणि वडिलांना खाली उतरण्यास सांगितले. सारे स्तब्ध झाले. फेबियस झटकन उतरला आणि म्हणाला की, आपण कॉन्सल आहोत याचे भान तुला आहे की नाही, एवढेच पाहायचे होते. पित्याचा मान घरात. छावणीत मान राज्याच्या पदाचा.

गुणाची दुसरी बाजू

फेबियसला देवत्व देण्याचे कारण नाही. इ. स. पूर्व २०९ मध्ये त्याने टॅरेन्टम नगर फितुरीचा उपयोग करून परत घेतले. नगरात शिरल्यावर सरसकट कत्तल झाली आणि ३०,००० लोक गुलाम म्हणून विकले गेले. फितुरीची वाच्यता होऊ नये म्हणून ज्यांनी दार उघडले त्यांनाही मारण्याची आज्ञा त्याने दिली, असे प्लूटार्क लिहितो. त्याच्या कीर्तीवरील हा डाग इतिहासाने पुसलेला नाही.

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढची. इ. स. पूर्व २०५ मध्ये तिशीतला सिपिओ कॉन्सल झाला. स्पेन जिंकून आलेल्या या तरुणाचे म्हणणे होते की युद्ध आता आफ्रिकेत, कार्थेजच्या दारात न्यावे. हॅनिबल आपोआप इटली सोडेल. फेबियस आडवा आला. शत्रू घरात असताना सैन्य समुद्रापार पाठविणे वेडेपणाचे आहे, अथेन्सने सिसिलीवर स्वारी करून स्वतःचा नाश ओढवून घेतला, असे युक्तिवाद त्याने सिनेटपुढे मांडले. सिपिओला नवी सैन्यभरती करू दिली गेली नाही. सुमारे ७,००० स्वयंसेवक घेऊन तो सिसिलीत उतरला आणि सैन्याची घडण त्याने तेथेच केली. पुढेही फेबियसने त्याला परत बोलाविण्याची मागणी केली.

फेबियस चुकला होता. बारा वर्षांपूर्वी ज्या धीराने रोमला वाचविले, तो धीर आता सवय बनला होता. परिस्थिती पालटली होती. हॅनिबलचा भाऊ हॅसड्रुबल कुमक घेऊन येताना इ. स. पूर्व २०७ मध्ये मारला गेला होता आणि हॅनिबल इटलीच्या दक्षिण टोकाला कोंडला गेला होता. वाट पाहण्याचा काळ संपला होता. प्लूटार्कने तर यात तरुणाच्या वाढत्या कीर्तीविषयीच्या मत्सराची छटा पाहिली आहे. मत्सर असो वा वार्धक्यातील अतिसावधपणा, ज्या साधनाने एक लढा जिंकला ते साधन प्रत्येक लढ्याला लागू पडत नाही, हे ओळखणे ज्येष्ठांना अवघड जाते. प्रत्येक संघटनेला, किंबहुना प्रत्येक कुटुंबाला हा अनुभव कधी ना कधी येतोच.

रोमचे थोरपण असे की त्याने ज्येष्ठाचा आदर राखूनही तरुणाची वाट पूर्णपणे अडविली नाही. सिनेटने सिपिओला सिसिली दिली आणि राज्याचे हित असेल तर आफ्रिकेत उतरण्याची मोकळीकही दिली. तो इ. स. पूर्व २०४ मध्ये तिथे उतरला. त्याच्या दडपणामुळे कार्थेजने इ. स. पूर्व २०३ मध्ये हॅनिबलला परत बोलाविले. पंधरा वर्षांनी इटलीची भूमी शत्रूच्या पावलांपासून मुक्त झाली.

अखेर

त्याच वर्षी फेबियसचा मृत्यू झाला. आपला कॉन्सल मुलगा त्याच्याआधीच गेला होता. त्या मुलाच्या अंत्यविधीच्या वेळचे भाषण वृद्ध पित्याने स्वतः केले होते. इ. स. पूर्व २०२ मध्ये झामा येथे सिपिओने हॅनिबलचा पराभव केला, तो पाहायला फेबियस नव्हता. ज्या विजयासाठी त्याने सर्वाधिक सोसले, तो त्याच्या विरोधाला डावलून आणि त्याच्या पश्चात मिळाला.

त्याच्या अंत्ययात्रेसाठी रोमच्या प्रत्येक नागरिकाने सर्वांत लहान नाणे दिले, असे प्लूटार्क सांगतो. तो निर्धन होता म्हणून नव्हे. प्रत्येकाला आपण पित्याचे अंत्यकर्म करीत आहोत असे वाटावे म्हणून. ज्यांनी त्याला हॅनिबलचा गडी म्हटले होते, त्यांच्याही घरातून ते नाणे आले असेल. ‘कंक्टेटर’ ही शिवी आता बिरुद झाली होती. पुढे दोन हजार वर्षांनी, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मोठी लढाई टाळून सैन्य राखणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनला लोकांनी फेबियसचीच उपमा दिली.

बंधु-भगिनींनो, टाळ्यांच्या कडकडाटात केलेल्या कार्याचे श्रम जाणवत नाहीत. समाज आपल्याला भित्रा, मंद, कालबाह्य म्हणत असताना त्याच समाजाच्या रक्षणासाठी शांतपणे उभे राहणे ही खरी कसोटी आहे, आणि फेबियस तिला उतरला. टीका करणारा संकटात सापडला तेव्हा तो धावून गेला, पराभूत विरोधक परतला तेव्हा तो सामोरा गेला, कायद्याने पद विभागले तेव्हा त्याने मान तुकविली. उतारवयात मात्र तो आपल्याच यशस्वी मार्गाचा बंदी झाला. त्याच्या चरित्रातून घ्यायचे ते हे दोन्ही : निंदेत न ढळण्याचे बळ, आणि काळ पालटला की नव्या खांद्यावर भार देण्याचे औदार्य. पहिले फेबियसकडून शिकावे. दुसरे शिकविण्यात तो कमी पडला. ते रोमच्या सिनेटकडून शिकावे.